कृष्णेचा उगम नेमका कुठे धरायचा? (सह्याद्रीतल्या नद्या सुरू कशा होतात, वाहतात कशा)

ओहोळ (धागाकर्ती)

महाबळेश्वरपासून धोम धरणापर्यंतच्या कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा एक नकाशा करायचा आहे. शाळांच्या भिंतीवर लागेल असा, म्हणजे ढोबळ चालेल, पण चुकीचा चालणार नाही. पहिलीच अडचण उगमाची. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातल्या गोमुखावर टिंब देऊन 'कृष्णा उगम' लिहिणं सोपं आहे. पण त्याच पठाराच्या कडेकडेनं कितीतरी ओघळ खाली उतरतात आणि त्यातले काही गोमुखापेक्षा लांबून येतात. पावसाळ्यात जिथे धार दिसते तिथे मार्चमध्ये कोरडी घळ असते.

तर प्रश्न असे. उगम कोणत्या कसोटीवर ठरवतात? पठारावर पाणी मुळात येतं कुठून आणि उन्हाळ्यात टिकतं कशामुळे? आणि अरबी समुद्र सरळ रेषेत ६०-६५ किमीवर असताना ही नदी पाठ फिरवून १,४०० किमी चालत बंगालच्या उपसागराला का जाते? जाणकारांनी सविस्तर लिहावं. त्रोटक उत्तरं पुस्तकात मिळतातच.

---

खडकवाचक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की पहिला बराचसा सुटतो.

महाबळेश्वर-पाचगणीचं पठार म्हणजे एकावर एक रचलेल्या लाव्हाच्या थरांचा ढीग. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर. त्यांच्यावर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र, भेगाळ आणि आतून पोकळ नळ्यांनी भरलेला असतो, त्यामुळे पाऊस पडला की पाणी गाळणीतून उतरावं तसं त्यातून खाली जातं. टोपीच्या तळाशी खडक कुजून झालेली मऊ, पांढुरकी-जांभळट चिकणमाती असते, कोकणात तिला शेडी म्हणतात. शेडीतून पाणी सहज खाली जात नाही. मग ते आडवं सरकतं आणि पठाराची कड जिथे कापली गेली आहे तिथे जांभा व शेडीच्या सांध्यातून बाहेर पडतं. हे पहिल्या पातळीचे झरे.

त्याखाली बेसॉल्ट. विहिरी खणणाऱ्यांचे शब्द इथे जास्त नेमके आहेत. काळा फत्तर म्हणजे घट्ट थर. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये असतं. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांची भोकं असलेला थर. ती भोकं बहुतेक ठिकाणी पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात, पण हा खडक लवकर कुजतो आणि कुजला की पाणी धरतो. दोन लाव्हांच्या मधे कधी कधी गेरूचा लाल पट्टा लागतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत वरच्या पृष्ठभागाची माती झाली आणि नंतरच्या लाव्हाखाली ती भाजली गेली, तो हा पट्टा. जाडी वीतभरापासून दीड-दोन मीटरपर्यंत. तोही पाणी अडवतो. म्हणून डोंगराच्या एकाच उंचीवर ओळीनं ओल, शेवाळ, उंबर, गवताचा हिरवा पट्टा दिसतो. घाटातल्या कापलेल्या दरडीत हा सांधा उघडा पडलेला असतो. हात लावला तर वरचा खडक कोरडा आणि लाल पट्ट्याच्या लगेच वर बोटाला पाणी, असं एप्रिलमध्येही लागतं.

थोडक्यात, उन्हाळ्यात वाहणारी कृष्णा हे पठाराच्या पोटातून हळूहळू सुटणारं आदल्या पावसाळ्याचं पाणी असतं. उगमाच्या झऱ्याचं खरं घर झऱ्याच्या वर, जांभ्याच्या सपाटीवर आहे.

---

मोजणीदार

उगमाच्या कसोट्या एकापेक्षा जास्त आहेत, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं.

लांबीची कसोटी घेतली तर खालून वर निघायचं आणि प्रत्येक संगमावर जास्त लांबीची शाखा धरायची. शेवटी जिथे पोचाल तो उगम. पाण्याची कसोटी घेतली तर प्रत्येक संगमावर जास्त प्रवाहाची शाखा धरायची. तिसरी कसोटी नावाची, म्हणजे लोक कशाला कृष्णा म्हणतात ते. भिंतीवरच्या नकाशात तिसरी वापरा, पण सूचीत तसं स्पष्ट लिहा.

आता कागदावर हे कसं करायचं ते सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटर अंतरानं असतात. जिथे रेषा इंग्रजी 'व्ही'सारखी वळते आणि तिचं टोक चढाकडे असतं, तिथे घळ. टोक उताराकडे असेल तर सोंड. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे प्रवाह काळ्या रेषेत दाखवलेले असतात, हे बरेच जण पाहतच नाहीत. काळी रेषा निळी होते ती जागा पेन्सिलीनं गोल करा. तिथे किंवा तिच्या थोडं वर झरा असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मग श्रेणी द्या. ज्याला वरून एकही ओघळ मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. दोन पहिले मिळाले की दुसरी श्रेणी, दोन दुसरे मिळाले की तिसरी. दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्याला पहिल्या श्रेणीचा ओघळ मिळाला तर श्रेणी बदलत नाही. नेमकी इथे सगळ्यांची गफलत होते आणि श्रेणी फुगते. दुसरी गफलत म्हणजे १:५०,००० वर न दिसणारे ओघळ नाहीतच असं समजणं. जमिनीवर पहिल्या श्रेणीचे प्रवाह नकाशापेक्षा कितीतरी जास्त असतात.

प्रवाहाचं डोकंही एका जागी नसतं. जोराच्या पावसात जमीन तुडुंब भरली की धार चढावर सरकते, ओसरली की खाली येते. जुलैतलं डोकं आणि मेमधलं डोकं यांत डोंगरावर शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. त्यामुळे एक टिंब देण्यापेक्षा तीन खुणा द्या: बारमाही झरा, हिवाळ्यापर्यंत वाहणारं टोक, फक्त पावसाळी टोक.

---

कृष्णाकाठ

गोमुखाबद्दल दोन शब्द. 'ते धार्मिक, हे शास्त्रीय' अशी फोड करण्याची घाई नको. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचं पाणी एका जागी मानलं आहे, आणि भूगोल त्याला फारसा विरोध करत नाही. या पाचही नद्यांची डोकी याच पठाराच्या काही किलोमीटरच्या आत आहेत आणि सगळ्यांना पाणी पुरवणारी जांभ्याची टोपी एकच. ती मंदिराची जागा निवडणाऱ्याला पाणी कुठे फुटतं हे पक्कं माहीत होतं. पुढे कृष्णा वाईकडे, वेण्णा लिंगमळ्याच्या धबधब्यावरून मेढ्याकडे, कोयना सरळ दक्षिणेला, आणि सावित्री-गायत्री कोकणात.

नकाशावर गोमुख नक्की दाखवा.

---

ओहोळ

तीन खुणांची कल्पना फार आवडली, तशीच करते. खडकवाचक, आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळाल का? एका पठारावरून निघालेल्या पाच नद्यांतल्या तीन पूर्वेला आणि दोन पश्चिमेला, हे मुलांना कसं समजावायचं?

---

खडकवाचक

पाणढाळ, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती माथ्यावरची रेषा, कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. भारताचा पश्चिम किनारा फाटून वेगळा झाला तेव्हा ती कड उचलली गेली आणि दख्खनचं पठार पूर्वेकडे अगदी मंद कललं. त्यामुळे कडेपासून निघालेलं पाणी पूर्वेला जाणं स्वाभाविक. गोदावरी, भीमा, कृष्णा या तिघींचं गणित हेच. त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरीही समुद्र ८० किमीवर असताना १,४६५ किमी चालते.

पश्चिमेला मात्र कडा तुटलेला. आर्थर सीटवर उभं राहिलं की पायाखाली सावित्रीचं खोरं शेकडो मीटर खोल दिसतं. सावित्री पठाराच्या उंचीवरून निघून शे-सव्वाशे किलोमीटरमध्ये बाणकोटला समुद्र गाठते. कृष्णेला तीच उंची उतरायला त्याच्या दहापटीहून जास्त वाट मिळते. तीव्र उताराच्या नदीची कापण्याची ताकद जास्त, म्हणून सावित्रीची डोकी मागे मागे, म्हणजे पूर्वेकडे, पठार खात सरकतात. पाणढाळ स्थिर नाही. ती अतिशय हळू देशाच्या बाजूला सरकते आहे.

मुलांना दाखवायला मातीचा ढीग पुरे. एक बाजू उभी कापा, दुसरी लांब उतरती ठेवा आणि माथ्यावर झारीनं पाणी घाला. उभ्या बाजूच्या घळी माथा खात मागे येतात, दहा मिनिटांत दिसतं. माती थोडी ओलसर आणि दाबलेली हवी, भुसभुशीत असेल तर ढीग नुसता ढासळतो.

---

वाशिष्ठीपार

वरच्या प्रतिसादाला जोड. पश्चिमेकडची नदी मागे सरकत पूर्वेकडच्या नदीचं डोकंच तोडते, त्याला नदी-अपहरण म्हणतात. लोणावळ्याची इंद्रायणी हे नेहमीचं उदाहरण: दरी ऐसपैस रुंद, आणि घाटाच्या कडेला ती एकदम संपते. एवढी रुंद दरी कोरण्याइतकं पाणी आजच्या तिथल्या ओढ्याला नाही. तिचा वरचा भाग कोकणाकडच्या उल्हासच्या घळींनी गिळला, असं मानलं जातं.

आणि माणसानं केलेलं अपहरण पाहायचं असेल तर कोयना. कोयना महाबळेश्वरहून सह्याद्रीला समांतर अशी साधारण ६५ किमी दक्षिणेला जाते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते. त्या वळणाजवळ कोकणाची कड इतकी जवळ आहे की धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे पाडून वीज करता आली. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पाणढाळ ओलांडून वाशिष्ठीत उतरवता येतं. म्हणून आमची वाशिष्ठी उन्हाळ्यातही भरलेली दिसते. मूळच्या कोकणी नदीचं ते लक्षण नाही. इथल्या पऱ्यांचं आणि वहाळांचं पाणी शिमग्यापर्यंत टिकलं तरी पुष्कळ.

ओहोळताई, तुमच्या नकाशात कोयना येत नाही हे ठाऊक आहे, तरी पाणढाळ जाड रेषेनं दाखवाच. पाऊस पाणढाळीच्या एका हाताला पडला की बाणकोट आणि दुसऱ्या हाताला पडला की आंध्र, हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं.

---

मोजणीदार

आता प्रत्यक्ष मोजणी. झरा किंवा ओढा 'मोठा', 'बारीक' असं लिहून काही उपयोग नाही. आकडा हवा.

झरा असेल तर बादली. पाणी एका पन्हळीतून पडेल अशी व्यवस्था करा, कडेनं गळती राहिली तर मातीच्या गोळ्यानं बुजवा. १५ लिटरची बादली भरायला ४० सेकंद लागले तर सेकंदाला ०.३७५ लिटर, दिवसाला ३२,४०० लिटर. तीनदा मोजा, सरासरी घ्या. बादलीवर १५ लिहिलेलं असलं तरी काठोकाठ किती मावतं ते आधी मापानं तपासा. इथे १० टक्के चूक सहज होते.

ओढा असेल तर तरंगतं लिंबू. लाकडाचा तुकडा वाऱ्यानं ढकलला जातो, लिंबू जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं म्हणून बरं. सरळ, न फुगलेला, मोठे धोंडे नसलेला १० मीटरचा तुकडा निवडा. रुंदीचे पाच भाग करून प्रत्येक ठिकाणी खोली मोजा. समजा रुंदी २.४ मीटर आणि सरासरी खोली ०.२२ मीटर, तर छेद ०.५२८ चौरस मीटर. लिंबाला सरासरी २५ सेकंद लागले तर वरचा वेग ०.४ मीटर प्रति सेकंद. तळाशी आणि काठाशी पाणी सावकाश जातं म्हणून हा वेग कमी करावा लागतो: खोल, गुळगुळीत पात्राला ०.८५ नं गुणा, उथळ गोट्यांच्या पात्राला ०.७ च्या आसपास. इथे ०.५२८ × ०.४ × ०.७ = ०.१४८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १४८ लिटर, सव्वापाच क्युसेकच्या जवळ. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर.

कायमची नोंद हवी असेल तर व्ही-नॉच. पत्र्यात काटकोनी खाच कापून ओढ्यात आडवी बसवायची. प्रवाह = १.३८ × (उंचीचा अडीचावा घात), उंची मीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटीमीटर वर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. दोन चुका ठरलेल्या. एक, उंची खाचेतच मोजणं. तिथे पाणी वाकून खाली आलेलं असतं. पट्टी पत्र्याच्या मागे, पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर लावा. दोन, खालच्या बाजूचं पाणी खाचेपर्यंत चढणं. धार खाचेतून मोकळी पडली पाहिजे, नाहीतर सूत्र लागू होत नाही.

मोजणी कधी करायची? जानेवारी, मार्च आणि मेचा शेवट. मे महिन्याचा आकडा सर्वांत मोलाचा, कारण तो निव्वळ भूजलाचा असतो.

---

पाणलोट_मित्र

मोजणीदारांच्या मे महिन्याच्या आकड्याला जोडून एक कळकळीची गोष्ट. झरे आटण्यामागे पाऊस कमी झाला हेच कारण सगळीकडे नसतं. पुष्कळ वेळा 'सुधारणा' करतानाच झरा मारला जातो. तो कसा, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

पाणी वाढवायला झऱ्याचं तोंड खोल खणतात. खाली शेडी किंवा गेरूचा पट्टा असतो. पहारीनं तो फुटला की वर अडून राहिलेल्या पाण्याला खाली जायची वाट मिळते. आठ दिवस पाणी जोरात दिसतं, लोक खूश होतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात झरा कायमचा बंद. तोंड खणायचं असेल तर आडवं, चढाच्या दिशेनं आणि ओलीच्या रेषेच्या खाली एक वीतही न जाता.

दुसरं, कुंडाला तळापासून सिमेंट काँक्रीट. तळातून आणि मागच्या भिंतीतून येणारं पाणी कोंडतं, मग ते कुंडाला वळसा घालून भलतीकडे फुटतं. मागची भिंत कोरड्या दगडांची ठेवा, मागे खडी-वाळूची गाळणी द्या, आणि काँक्रीट फक्त पुढच्या भिंतीला.

तिसरं आणि सर्वांत वाईट, पठारावरची बोअर. आवरण-पाइप वरच्या थोड्या भागापुरताच टाकतात. भोक गेरूच्या पट्ट्यातून आरपार जातं आणि वरच्या थराचं पाणी त्या भोकातून खालच्या थरात गळत राहतं. मोटर चालू असो वा नसो, गळती रात्रंदिवस सुरू. बोअर कोरडी निघाली म्हणून सोडून दिली तरीही. सोडलेली बोअर चिकणमाती आणि सिमेंटचं पातळ मिश्रण घालून तळापासून बुजवली पाहिजे. तोंडावर दगड ठेवून ती बंद होत नाही.

समतल चर खणताना जागा चुकते. चर झऱ्याच्या लगेच वर नको, ज्या थराचं पाणी झऱ्याला येतं तो थर जिथे उघडा आहे तिथे हवा. सह्याद्रीत थर जवळपास आडवे असल्यामुळे ती जागा बहुधा वरच्या सपाटीवर मिळते, आणि कधी कधी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे झरा एका गावचा आणि पुनर्भरणाची जागा शेजारच्या गावची. ते गाव राजी झाल्याशिवाय झरा जगत नाही.

एक हेक्टरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो. मोजणीदारांच्या उदाहरणातल्या झऱ्याला, दिवसाला ३२,४०० लिटरनं, वर्षाला १ कोटी १८ लाख लिटर लागतात. एका हेक्टरवरच्या वर्षाच्या पावसाच्या चौथ्या हिश्श्याहूनही हे कमी! पाऊस भरपूर आहे, प्रश्न मुरण्याचा आहे.

---

ओहोळ

पाणलोट_मित्र, एक शंका. एवढा पाऊस आणि एवढा सच्छिद्र जांभा, तर मग पावसाळ्यात एवढे लोंढे का?

---

मोजणीदार

भांडं भरल्यावर वरून ओतलेलं सगळं बाहेर जातं म्हणून. जून अखेरपर्यंत जांभा आणि माती भरून जाते. त्यानंतरचा पाऊस जवळपास सगळाच वाहतो. २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी नोंदला गेला. एका चौरस किलोमीटरवर ते ५९ कोटी लिटर होतात.

तासाला २५ मिमी पाऊस, एक चौरस किमी पाणलोट, ६० टक्के वाहणारा भाग धरला तर ओढ्यात सेकंदाला ४.२ घनमीटर, म्हणजे १४७ क्युसेक. ओढ्यावरच्या मोरीचा पाइप ठरवताना हा हिशोब करावा लागतो. दोन फुटी पाइप टाकले की रस्ता वाहून जाणारच.

---

कृष्णाकाठ

आता खाली उतरू. नदी वाहते कशी हा धाग्याचा अर्धा भाग राहिलाच आहे.

कृष्णा साधारण १,३०० मीटरवरून निघते. वाई ७०० मीटरच्या आसपास. म्हणजे निम्मी उंची ती पहिल्या काही दशक किलोमीटरमध्येच उतरते, आणि उरलेल्या ७०० मीटरसाठी तेराशेहून अधिक किलोमीटर घेते: किलोमीटरला सरासरी अर्धा मीटर. हा एक आकडा ध्यानात ठेवला की नदीची सगळी वागणूक उलगडते.

वर ती तळ कापते. धोंडे गडगडवते, कातळात रांजणखळगे पाडते, दरी अरुंद ठेवते. वेग दुप्पट झाला की वाहून नेता येणाऱ्या धोंड्याचं वजन ६४ पट होतं. म्हणून घाटातल्या ओढ्यात वर्षभर न हललेला ढोणीएवढा दगड एका रात्रीत जागा सोडतो. वाईच्या खाली उतार मोडला की हेच धोंडे आधी पडतात, मग गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना. तिथे दोन्ही नद्या जवळजवळ समोरासमोर येतात आणि एकत्र पूर्वेला वळतात, तो प्रीतिसंगम.

कऱ्हाडच्या खाली तळ कापण्याऐवजी काठ कापणं सुरू होतं. वळणाच्या बाहेरच्या काठाला वेगवान पाणी घासतं, तळाशी ते आतल्या काठाकडे वळतं आणि आणलेली वाळू-माती तिथे टाकतं. म्हणून प्रत्येक वळणाला एक काठ उभा, दरड कोसळणारा, आणि समोरचा काठ सपाट मळीचा. मळीची जमीन सुपीक का, याचं उत्तर हेच. आणि दर मोठ्या पुरात ती पाण्याखाली का जाते, याचंही हेच: ती नदीनंच, पुराच्या वेळी पसरायला, तयार केली आहे.

सांगलीचा पूर समजून घ्यायचा तर नुसता वरचा पाऊस पाहून भागत नाही. उतार मंद, वळणं मोठी, आणि खाली नृसिंहवाडीला कोल्हापूरकडची पंचगंगा नदी (महाबळेश्वरच्या मंदिरातली नव्हे) येऊन मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन येणारी पंचगंगा भरलेली असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकायला जागा नसते. कृष्णा जास्त उंच असेल तर पंचगंगेला फुगवटा येतो आणि शिरोळकडची गावं मागून बुडतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. ओसरायलाही दिवस लागले, कारण घाटातलं पाणी ज्या वेगानं येतं त्या वेगानं इथून जाऊच शकत नाही.

---

पाणलोट_मित्र

म्हणूनच नाल्याचं सरळीकरण आणि बेसुमार खोलीकरण याला विरोध करावा लागतो. 'वळणं काढली की पाणी लवकर जाईल' हे वाक्य खरं आहे, पण जातं कुठे? खालच्या गावात.

---

वाशिष्ठीपार

थोडा मतभेद. गाळ काढण्याला सरसकट विरोध नको. भर वस्तीतल्या पात्रात बेशरम, झुडपं, भराव असेल तर पाण्याची वाट कोंडते, ती मोकळी करावीच लागते.

---

मोजणीदार

दोघांचं म्हणणं एकाच सूत्रात बसतं. वेग तीन गोष्टींवर: खोली, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा.

खोली सुमारे एक मीटर आणि उतार हजारात एक धरा. स्वच्छ मातीच्या पात्रात (खडबडीतपणाचा गुणांक ०.०३) वेग सेकंदाला एक मीटरच्या थोडा वर येतो. झुडपांनी भरलेल्या पात्रात (०.०७) तोच ०.४५ मीटर. म्हणजे नुसत्या झुडपांनी पात्राची क्षमता निम्म्याहून कमी होते. वाशिष्ठीपार यांचा मुद्दा वस्तीपुरता बरोबर.

आता सरळीकरण. तीन किमीच्या वळणदार ओढ्यात सहा मीटरचा उतार होता, तो दोन किमी सरळ केला. उतार दीडपट, वेग सुमारे २२ टक्के जास्त. तेवढ्यानं खालच्या टोकाला पूर लवकर आणि उंच येतो. शिवाय वाढलेल्या वेगानं ओढा स्वतःचा तळ कापायला लागतो, आणि ते कापणं चढाकडे सरकत जातं. दोन-चार पावसाळ्यांत वरच्या पुलाचा पाया उघडा पडतो, काठच्या विहिरींची पातळी ओढ्याच्या नव्या तळापर्यंत उतरते.

खोलीकरणात थांबायचं कुठे? गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. मुरूम फोडून खाली कातळापर्यंत गेलात तर ओढा बाजूच्या शेतांमधलं पाणी उपसणारा चर होतो. पहिल्या वर्षी ओढ्यात पाणी दिसतं, ते शेतांचंच असतं.

---

खडकवाचक

वाळूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वाळू हा नदीचा कचरा नाही, तिची टाकी आहे. एक किमी लांब, ३० मीटर रुंद, दीड मीटर जाड वाळूचा थर म्हणजे ४५,००० घनमीटर. त्याच्या चौथ्या भागाइतकं पाणी तो सोडू शकतो असं धरलं तर १ कोटी १२ लाख लिटर, तेही उन्हानं फारसं न उडणारं. हिवाळ्यात प्रवाह थांबल्यासारखा दिसतो तेव्हा तो वाळूच्या आतून चाललेला असतो. हातानं हातभर झिरा उकरला की स्वच्छ पाणी येतं ते यामुळे. वाळू उपसली की उघडा कातळ राहतो, पूर ओसरताच पात्र कोरडं आणि डोह गाळानं भरलेले.

---

ओहोळ

भरभरून मिळालं. नकाशाच्या सूचीसाठी असं ठरवते आहे: पाणढाळ जाड तपकिरी, जांभ्याचा भाग हलक्या विटकरी रंगात, बारमाही झरा भरीव निळं टिंब, हिवाळी टोक पोकळ टिंब, पावसाळी टोक तुटक रेषेची सुरुवात. गोमुखाला वेगळी खूण आणि खाली 'नावाप्रमाणे उगम'. लांबीप्रमाणे येणारा उगम वेगळा निघाला तर तोही. एकच अडचण उरते. झऱ्यांची नेमकी जागा शाळेच्या भिंतीवर द्यावी का? गर्दी झाली तर?

---

पाणलोट_मित्र

ओढ्याचं नाव आणि गाव द्या, नेमकं टिंब देऊ नका. ज्यांवर आधीच कुंड बांधलेलं आहे तेवढेच अचूक दाखवा. बाकीचे मोजणीच्या वहीत ठेवा. वहीत झऱ्याचं नाव, समुद्रसपाटीपासून उंची, वरचा आणि खालचा खडक, मेमधला प्रवाह, आणि पाणी कुठल्या गावाच्या सपाटीवरून येतं, एवढे रकाने असले तरी पुरेत.

---

मोजणीदार

उंची मोबाइलवरून घेऊ नका, दरीत ती वीस-तीस मीटरनं सहज चुकते. टोपोशीटवर दोन समोच्च रेषांच्या मधली जागा ओळखून अंदाज घ्या. आणि तीन झरे एकाच उंचीवर निघाले तर चौथा त्याच रेषेवर, पुढच्या घळीत शोधा.